गमबूट घातलेला नवरदेव

शहाद्याच्या एसटी स्टँडमागे जाऊन इरफान कूलरवाला कुठे भेटेल असं विचारलं, की समोरचा आधी तुम्हालाच विचारतो, कूलरसाठी का सापासाठी? दोन्ही कामं एकाच दुकानातून चालतात. एक पोटासाठी, दुसरं हौसेसाठी. हौस एक दिवस पोटावर पाय देणार, असं त्याची आई शहाबानो दर उन्हाळ्यात शेजारणींना सांगत आली आहे, आणि तिचं अगदीच चुकत होतं असं नाही.

उन्हाळ्यात कूलरवाल्याला शहाद्यात जेवायला फुरसत नसते. पत्रा काप, जाळी ठोक, वाळा भर, मोटर बसव, गिऱ्हाईक डोक्यावर उभंच. नेमके तेच दिवस सापांनाही उकाडा सोसत नाही. कोणी केळीच्या बागेत ठिबकच्या नळीखाली येऊन निजतो, कोणी ऊसतोडीनंतर उरलेल्या पाचटात, कोणी थेट स्वयंपाकघरात माठाच्या बुडाशी. मग फोन वाजतो. इरफान हातातली कातर पत्र्यावर टाकतो, मोटरसायकलला लाथ मारतो आणि अर्धा कूलर तसाच आ वासून रस्त्याकडे बघत राहतो.

त्याचं हे वेड कूलरमधूनच निघालं. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या कूलरच्या वाळ्यात धामण शिरून बसली होती. दुकानातली माणसं रस्त्यापलीकडे पळाली. इरफानने काय सुचलं कोण जाणे, तिला शेपटीला धरून ओढलं आणि वर उचलून दाखवलं, तशा रस्त्यापलीकडून टाळ्या वाजल्या. तोवर त्याने किती कूलर बनवले होते, पण एकाही कूलरला कोणी टाळी वाजवली नव्हती. त्या दिवशी रात्रभर त्याला नीट झोप लागली नाही, आणि ती भीतीने नव्हे.

तो मूर्ख होता असं कोणी समजू नये. पुढे तो जुन्या सर्पमित्रांबरोबर फिरला, सापांची नावं शिकला, नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार या चौघांशी मस्करी नाही हेही शिकला. काठीने ठेचले गेले असते असे कितीतरी जीव त्याने सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन सोडले. पण आपल्याकडे साप नुसता पकडून भागत नाही, तो दाखवावा लागतो. माणसं आपलं काम टाकून जमलेली असतात. 'दखाड ना भो' असा ओरडा होतो. बाया पदर डोक्यावर घेऊन हात जोडतात, ज्याच्या घरात साप निघाला त्याला सापाबरोबर फोटो हवा असतो, आणि कोणीतरी चहा आणतोच. इरफान दाखवायचा. नाग हातावर तोलायचा, फणा काढून दाखवायचा, बिनविषारी दिवड गळ्यात घालून फोटो काढून द्यायचा. वनखात्याच्या माणसाने त्याला दोनदा दटावलं होतं, की बाबा हे कायद्यात बसत नाही, साप म्हणजे खेळणं नव्हे. इरफान मान डोलवायचा आणि पुढच्या गावी पुन्हा तेच.

हे सगळं नर्सेसच्या क्वार्टरमध्ये येऊन अडलं. नंदुरबारला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यामागे या क्वार्टर आहेत, आणि त्यातल्या एका मोरीत पिंपामागे नाग निघाला. फोन आल्यावर इरफान शहाद्याहून प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडून तडक गेला. नर्सेसच्या पुढे खेळ करायचा म्हणजे अंगात जरा जास्तच आलं होतं. त्याने नाग शेपटीला धरून बाहेर काढला, अंगणात आणला, हात फिरवला, फणा उभा केला, एका हाताने केसही सारखे केले. सगळ्याजणी टाळ्या वाजवत होत्या. एक तेवढी दारात हाताची घडी घालून उभी होती.

तिने नाग पिशवीत जाऊन पिशवीला गाठ बसेपर्यंत वाट पाहिली आणि मग दवाखान्यातल्या शुद्ध मराठीत विचारलं की झालं का तुमचं. इरफान म्हणाला झालं. मग तिची मराठी गेली आणि तिच्या गावची, रनाळ्याची अहिराणी बाहेर पडली. नाग चावला असता तर तुझी टाळी कोणी वाजवली असती, सुई कोणी टोचली असती, तुझ्या आईला फोन कोणी लावला असता, हे सगळं तिने एका दमात विचारून टाकलं. मागच्या पावसाळ्यात असाच एक साप पकडणारा तिच्या वॉर्डात आला होता. त्याला आणणारा मित्र अजून मोबाइलवर चित्रीकरण करतच होता, आणि त्या माणसाच्या पापण्या उघडत नव्हत्या. तो वाचला नाही. एवढं सांगून ती आत निघून गेली.

इरफान शहाद्याला परत आला तो निम्मा शहाणा आणि निम्मा वेडा होऊन. तिचं नाव अतिका, हे त्याने पुलावर गाडी थांबवून फोन करकरून शोधून काढलं होतं. पुढचे काही आठवडे दवाखान्याच्या आसपास साप निघाल्याच्या अफवा फार वाढल्या, आणि त्या सगळ्या एकाच माणसाने पसरवलेल्या होत्या. शेवटी अतिकानेच त्याला सांगितलं की साप नसताना येऊ नका, आणि यायचंच असेल तर रनाळ्याला अब्बांकडे माणसं पाठवा. शहाबानोने हे ऐकून आनंदाने अख्ख्या गल्लीला शिरखुर्मा खाऊ घातला, तोही ईद नसताना.

अतिकाचे अब्बा कलीम रनाळ्यात पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवत. पत्र्याचं पत्र्याशी लगेच जमलं. अडचण अतिकाचीच होती. तिला इरफान आवडला होता, साप वाचवणं आवडलं होतं, फक्त हात आवडला नव्हता. साप पकडा, पण काठीने, पाइपने आणि पिशवीने. बूट घालून. लोकांना लांब उभं करून. खेळ नाही, फोटो नाही, बिनविषारी वाटला तरी हात नाही, मेलेला दिसला तरी हात नाही. इरफानने सगळ्याला हो म्हटलं. त्या दिवसांत तिने सातपुडा हलवून दे म्हटलं असतं तरी तो हो म्हणाला असता. ती मात्र हो ऐकून सोडून देणारी नव्हती. सुपारी फुटल्यावर फोनवर तिने त्याला शपथ घातली आणि वर एक वाक्य ऐकवलं.

"ज्या दिन तुमना हात सापले लागना असं माले कयनं, त्या दिन मी 'कबूल नही' सांगसू. निकाहना मांडोमा सांगसू, समद्यास्ना म्होरे."

ती तसं करेल याबद्दल इरफानला शंका नव्हती. निकाहात मुलीला विचारतात तेव्हा ती लाजून मान हलवते, रडते, आई तिच्या पाठीवरून हात फिरवते, असं तो लहानपणापासून बघत आला होता. अतिकाला विचारलं तर ती लाजणार नाही, स्पष्ट बोलणार, हे त्याला त्या मोरीपाशीच कळून चुकलं होतं.

मग त्याने कूलरच्या स्टँडचा गज वाकवून आकडा केला आणि पिशवीच्या तोंडाला पाइप बांधायला शिकला. सापाला अंधारी जागा दिसली की तो आपणहून आत जातो. आपण फक्त लांब उभं राहून त्याला वाट दाखवायची आणि थांबायचं. या थांबण्याने इरफानचा जीव मेटाकुटीला यायचा. साप पाइपात शिरायची वाट बघणं म्हणजे डोंगरातल्या मोलगीच्या एसटीची वाट बघणं, येईल तेव्हा येईल. गर्दी कंटाळून घरी जायची. चहा बंद झाला. एका गावात तर म्हातारा म्हणाला की पहिला इरफान चांगला होता, हा दुसरा कोणी आलाय. इरफानला ते लागलं. टाळ्यांची सवय सुटताना अंगाला काय काय होतं हे त्याने कोणाला सांगितलं नाही, पण शपथ पाळली.

लग्न मे महिन्यात ठरलं. कूलरवाल्याने मेमध्ये लग्न करणं म्हणजे स्वतःच्या दुकानाला कुलूप लावून किल्ली तापीत टाकणं, असं सगळ्यांनी समजावलं. पण पावसाळ्यापर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती. वरात सकाळीच रनाळ्याला पोहोचली. शाळेशेजारच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. इरफान मोतिया रंगाची शेरवानी, फुलांचा सेहरा आणि पायांत जरीची मोजडी अशा थाटात खुर्चीवर बसला होता, आणि त्याला आतून इतकं हसू येत होतं की सेहऱ्यातली फुलं हलत होती. काजीसाहेब आले होते. बिर्याणीच्या देगांवर झाकणं पडली होती. मागच्या बाजूला मांडववाल्याची माणसं बायकांच्या बैठकीसाठी सतरंज्या अंथरत होती.

मांडववाल्याकडे दलसिंग नावाचा मोलगीकडचा एक गडी कामाला होता. लग्नसराईत खाली उतरायचं, पावसाआधी डोंगरात परत जायचं, असा त्याचा रिवाज. गोदामात महिनाभर गुंडाळून पडलेल्या सतरंजीचा वेढा त्याने सोडवला आणि मधेच हात मागे घेतला. सतरंजीच्या आतल्या घडीत साप होता. दलसिंग ओरडला नाही, पळालाही नाही. त्याने दोन्ही हात पसरून जवळच्या बायकांना मागे सारलं, डोळे सापावर ठेवले आणि तिथेच उभा राहिला. ओरडण्याचं काम बाकीच्यांनी केलं.

आता लग्नाला आलेल्या लोकांच्या नशिबाची कमाल बघा. साप निघाला, तोही कोणाच्या लग्नात, तर सर्पमित्राच्या. सगळा मांडव एकदम नवरदेवाकडे वळला. कोणाला भीती म्हणून वाटली नाही. जणू वधूपक्षाने मुद्दाम हा कार्यक्रम ठेवला होता. मोबाइल वर झाले, पोरं खुर्च्यांवर चढली, बँडवाल्याने न विचारता ढोलावर काठी मारली. काजीसाहेबांनीसुद्धा चष्मा पुसून घेतला.

इरफान सेहरा वर सारून उठला आणि लांबूनच वाकून पाहिलं. सतरंजीच्या घडीत साप वेटोळं करून बसला होता, डोकं वेटोळ्याच्या आत, अंगावर गोदामाची धूळ. काळपट तपकिरी अंगावर पांढुरके पट्टे. अंगाने फार मोठा नाही. हलत तर अजिबात नव्हता, दिवसा झोपेत असल्यासारखा गप्प. कवड्या, इरफानचं मन लगेच म्हणालं. घरात पालीच्या मागे येणारा, विष नसलेला कवड्या. असे त्याने हातावर कितीतरी खेळवले होते.

अतिकाचे मामू सलाउद्दीन पुढे आले. निकाहात मुलीची संमती विचारून आणणारे वकील तेच होते, म्हणून सकाळपासून त्यांनी कोणाचं काही ऐकलं नव्हतं. त्यांनीही वाकून पाहिलं, कवड्या तर गावात सगळ्यांनीच पाहिलेला, आणि जाहीर केलं.

"कवड्याच शे. जवाईबापू, त्याले काय भीतस, मुंडकं धरा आनि फेकी द्या."

मग सगळेच बोलू लागले. कवड्या शे, हात घाल. नवरदेव घाबरना का. मेंदी निघी जाई म्हनीसन भीस. शहाद्याची पोरं आपल्या माणसाची इज्जत जाते म्हणून रनाळ्याच्या पोरांशी भांडू लागली. आणि इरफानला त्या गर्दीत जुनी चव आठवली. कितीतरी महिन्यांत अशी गर्दी जमली नव्हती. एक झटका, साप वर, शेरवानीवर साप, काय फोटो आला असता. शिवाय कवड्या म्हणजे साप तरी कसला, नुसतं नाव. त्याचा उजवा हात त्याला न विचारता पुढे सरकला होता. त्याने पाहिलं तेव्हा हात कमरेपासून चांगला लांब गेला होता.

मागच्या घराच्या खिडकीला पडदा होता आणि पडद्याआड अतिका बसली होती. ती दिसत नव्हती. पण तिला सगळं कळणार होतं, आज नाही तर उद्या, आणि उद्यापर्यंत थांबायचीही गरज नव्हती. जेवणाआधी वकील तिच्याकडेच जाणार होते. इरफान हात शेरवानीच्या खिशात घालायला गेला. शेरवानीला खिसा नव्हता, म्हणून तो पाठीमागे बांधला, आणि म्हणाला की पाइप आणा.

निराशेचा असा आवाज रनाळ्यात पूर्वी कधी निघाला नसेल. पण नवरदेवाचं मागणं, नाही कोण म्हणणार? त्याने आधी माणसं मांडवाच्या टोकापर्यंत मागे हटवली आणि दलसिंगला सांगितलं की तू जसा उभा आहेस तसाच राहा, डोळे काढू नकोस. दलसिंगने मान हलवली. मग सामान जमायला लागलं. शेजारच्या शेतातून पीव्हीसी पाइपाचा लांब तुकडा आला. आकडा शहाद्याला राहिला होता, म्हणून आचाऱ्याचा देग ढवळायचा लांब झारा घेतला. पायांतल्या मोजडीवर सापापुढे जायचं नाही, म्हणून केळीला पाणी भरणाऱ्या गड्याचे गमबूट आले. ते इतके मोठे होते की इरफान पाऊल उचलायचा तेव्हा बूट जरा उशिरा उचलला जायचा. शेरवानीचे पल्ले कमरेला खोचले, सेहरा डोक्यामागे टाकला, पायांत ढोपरापर्यंत गमबूट, हातात झारा. बायकांत हसण्याची लाट उठली आणि बसेना. शहाबानोने तोंड पदरात लपवलं.

सापाला घालायला पिशवी नव्हती. इरफानची नजर थंड पाण्याच्या जारांवर गेली. एक रिकामा, आरपार दिसणारा जार आडवा ठेवला, पाइपाचं टोक त्याच्या तोंडात बसवलं आणि फटी फडक्याने करकचून बांधल्या. आता जारात अंधार हवा. त्यावर घालायला काहीतरी द्या म्हटल्यावर घरातून अतिकाची धाकटी बहीण शबाना धावत आली आणि तिने हाताला लागला तो उशीचा अभ्रा दिला. तो रुखवतातला निघाला. त्यावर लाल रेशमाने गुलाब भरलेले आणि मधे झोकदार अक्षरांत इरफान आणि अतिका. सलाउद्दीनमामूंनी कपाळावर हात मारला, पण अभ्रा जारावर चढला होता.

पाइपाचं दुसरं तोंड सतरंजीच्या घडीपाशी ठेवून इरफान झाऱ्याच्या दांड्याइतका लांब राहिला आणि घडीची कड झाऱ्याने हळूच उचलली. उजेड आत गेला. साप जरा सैल झाला, पण गेला नाही. इरफान थांबला. ढोलवाला थांबला. काजीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मेच्या उन्हात, बंद गळ्याच्या शेरवानीत, माणूस किती घाम गाळू शकतो ते त्या दिवशी रनाळ्याने पाहिलं. कोणी म्हणालं की एवढ्या वेळात दोन निकाह झाले असते. इरफानने झाऱ्याने सतरंजी आणखी थोडी सारली, सापाला ढोसलं नाही. मग त्या वेटोळ्यातून एक डोकं बाहेर आलं, पाइपाच्या अंधाराकडे वळलं आणि आत शिरलं. अंगामागून अंग जात राहिलं. जेवढा वाटला होता त्याहून तो बराच लांब होता.

शेपूट दिसेनाशी झाली, साप जारात पोहोचला. इरफानने जार सावकाश उभा केला, पाइप निघताच तोंडावर भोकं पाडलेलं झाकण दाबलं, चिकटपट्टी मारली, आणि मग गुलाबांचा अभ्रा वर ओढला.

जारात उन्हाचा उजेड पडला. साप आता धूळ झाडून नीट पसरला होता. अंग काळंभोर, चकचकीत. मानेजवळ पट्टे नव्हतेच, आणि शेपटीकडे जाऊ तसे ते ठळक होत गेले होते, बारीक, पांढरेशुभ्र, जोडीजोडीने. कवड्याचं उलटं असतं, त्याचे पट्टे डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे विरलेले. घडीत दिसलेला तुकडा शेपटीकडचा होता. पाठीच्या मधोमध मोठ्या खवल्यांची एक ओळ सरळ गेली होती. इरफानने ती पाहिली, पुन्हा पाहिली, आणि तो एक पाऊल मागे सरला, गमबूट मात्र जरा उशिरा सरले. बूट मोठे असल्यामुळे ते सगळ्यांना दिसलं.

मण्यार होती. दिवसा लोळागोळा होऊन पडणारी आणि म्हणूनच माणसाला फसवणारी.

लोकांना हे कळायला थोडा वेळ लागला. मग कोणीतरी मण्यार म्हणालं, आणि तो शब्द पाठीमागच्या रांगेपर्यंत पोहोचेस्तोवर सगळा मांडव गार पडला. सलाउद्दीनमामूंना खुर्ची द्यावी लागली. पण गर्दीच ती, गप्प किती वेळ बसणार? लगेच चर्चा फिरली. जवाई काय हुशार निघाला, लांबूनच ओळखलं बघा, म्हणूनच हात लावला नाही. टाळ्या सुरू झाल्या. एवढ्या टाळ्या इरफानला आयुष्यात पडल्या नव्हत्या. ढोल पुन्हा सुरू झाला. कलीमअब्बांनी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. इरफान नुसता हसत राहिला. खरं सांगायला तोंड उघडत होता तोच त्याला उचलून खुर्चीवर बसवलं गेलं, आणि मग वाटलं की जाऊ दे, कशाला.

फोन करून बोलावलेला वनखात्याचा माणूस आला, जार ताब्यात घेतला, इरफानचे गमबूट पाहून हसला, आणि मण्यार सोडून आल्यावर जेवायला येतो म्हणून गेला. काजीसाहेबांनी घसा साफ केला. सलाउद्दीनमामू दोन साक्षीदार घेऊन आत गेले, अतिकाची संमती आणायला.

ते लवकर यायला हवे होते. आले नाहीत. मांडवात कुजबुज सुरू झाली. शहाबानोच्या हातातली तसबीहची माळ भराभर फिरू लागली. शेवटी मामू एकटेच बाहेर आले, चेहरा पडलेला. ते काजींच्या कानात बोलले, मग इरफानसमोर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, कारण पोरीने तसंच सांगायचं बजावलं होतं. ती विचारते आहे, साप मण्यार आहे हे नवरदेवाला आधीच माहीत होतं का?

इतकं सोपं उत्तर होतं. हो म्हणायचं. अख्खा मांडव तेच म्हणत होता, साक्षीला ढोलवाला होता. इरफानने आईकडे पाहिलं, मामूंकडे पाहिलं. हो म्हटलं की कबूल येणार, बिर्याणी उघडणार. नाही म्हटलं तर काय होईल हे त्याला माहीत नव्हतं. पण त्या हातावर विश्वास ठेवून कोणीतरी आयुष्य काढणार होतं, आणि तो हात खरं तर कमरेपासून लांब गेला होता. त्याला एकदम रडू आलं, इतक्या लोकांसमोर, सेहऱ्यात.

"मन्हा मनमा व्हतं कवड्या शे," तो म्हणाला. "जारमा गयावर माले कयनं. अतिकानी शपथ नही ऱ्हाती तं मी हात घाली देता."

मामूंनी मान हलवली आणि ते परत आत गेले. या वेळी मात्र ते असे पटकन बाहेर आले की दारात त्यांची टोपी पडली, आणि त्यांनी ती उचललीच नाही. कबूल होतं. साक्षीदार मागून धावत येऊन सांगत होते की विचारायच्या आधीच म्हणाली. इरफानला काजींनी विचारलं तेव्हा त्याने इतक्या मोठ्याने कबूल म्हटलं की देगांपाशी आचारी दचकला. खजूर वाटले, मिठ्या झाल्या, आणि बिर्याणीला तिखट जास्त झालं म्हणून भांडणही झालं.

ऊन उतरताना मुलीची पाठवणी झाली. गाडीत पुढे शहाबानो, मागे नवरा-नवरी. अतिका लाल घुंगटात मान खाली घालून बसली होती. वेशीबाहेर येईपर्यंत ती रीतीप्रमाणे रडली. वेस ओलांडताच तिने नाक पुसलं आणि म्हणाली, हात दखाडा.

इरफानने हात पुढे केला. त्याचं काळीज नाचत होतं. तिने दुसराही मागितला, मोबाइलची बत्ती लावली आणि एक एक बोट फिरवून बघायला लागली, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, मनगटावर. इरफान म्हणाला, मी शपथेवर सांगतो, बोटसुद्धा लागलं नाही.

"माले तुमनी शपथ नको," ती म्हणाली. "मण्यार चावस तं दुखत नही. मुंगी चावनी असं वाटस, आनि माणूस निजी जास."

डाव्या हाताच्या बोटावर तिला बारीक खरचटलेलं दिसलं. हे काय म्हणून तिने विचारलं. हाराची टाचणी लागली असेल, तो म्हणाला. असेल का आहे, तिने विचारलं. इरफानला आठवेना. सकाळपासून त्याला इतक्या माणसांनी हार घातले होते की टाचण्यांचा हिशेब कोण ठेवणार. अतिकाने घुंगट मागे टाकला, त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि डोळे मिटून उघडायला सांगितलं. पापण्या बघायच्या होत्या तिला. नवरा-नवरीने एकमेकांना पहिल्यांदा पाहायची रीत आरशात असते. इथे आरसा नव्हता, मोबाइलची बत्ती होती आणि नर्स होती. पापण्या पडताहेत का, तिने विचारलं. पडायचं नाव घेत नाहीत, तो म्हणाला, आणि पुढच्या सीटवर शहाबानो खुदकन हसली.

पण तिचं हसू फार टिकलं नाही. सुनेने ड्रायव्हरला सांगितलं की नंदुरबारात शिरल्यावर सरळ दवाखान्यात घ्या. शहाबानोने अल्लाला हाक मारली, घरी सगळी वाट बघताहेत म्हणून सांगितलं, अपशकुन म्हणून सांगितलं. अतिकाने ऐकून घेतलं, अम्मी म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाडी दवाखान्यातच गेली. मागून वरातीच्या गाड्या आपली वाट चुकली का बघायला तिथेच वळल्या. तातडीच्या विभागात आधी मोतिया शेरवानी शिरली, मग लाल शरारा, मग सगळी वरात, आणि शेवटी ढोलवाला, ज्याला दारातच थांबवलं.

ड्यूटीवरच्या नर्सेस हसून हसून बाकावर बसल्या. डॉक्टरांनी मात्र हसणं आवरून नीट तपासलं, रक्त घेतलं, आणि म्हणाले की टाचणीच वाटते, पण मण्यारीच्या बाबतीत वाटण्यावर जात नाहीत, सकाळपर्यंत इथेच राहा. शहाबानोने वरातीला घरी पाठवलं, आणि स्वतः बाहेर बाकावर बसून, येईल त्याला सून कशी हुशार आहे ते सांगायला लागली.

इरफान शेरवानीसकट पलंगावर आडवा झाला. अतिका स्टूल ओढून शेजारी बसली, शराऱ्याचा घोळ मांडीवर गोळा करून, आणि त्याची नाडी धरली. नाडी जोरात चालली होती, त्यावर दोघांकडेही इलाज नव्हता. तिला वाईट वाटत असेल, लग्नाचा दिवस असा गेला, म्हणून तो म्हणाला की माफ कर, घरी न्यायच्याऐवजी तुला तुझ्या कामाच्या ठिकाणी आणलं. अतिकाने आधी नाडी मोजून घेतली. मग हात न सोडता म्हणाली,

"मी तं रोजच आठे ऱ्हास. रोज दारकडे दखस, तुम्हले कोन्ही उचली लयी ऱ्हायनं का म्हनीसन. आज तुम्ही त्याच दारमाईन उनात, आनि आपला पायवर चालत उनात. माले इतलंच जोयजे व्हतं."